मिटिऑर ३५० की आरसी ३९०? वजन आणि हाताळणीबद्दल सल्ला हवा

सिंहगडरोड
उंची ५ फूट ४ इंच. रोज गर्दीतून ऑफिस, अधूनमधून ताम्हिणी. रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० आणि केटीएमची आरसी ३९० यांत अडकलोय. कागदावर मिटिऑर १९१ किलो, आरसी १७२. म्हणजे आरसी हाताळायला सोपी जाईल ना?

घाटवळण
गर्दीत मिटिऑरच सोपी जाईल. १९ किलोंचा फरक गाडी ढकलताना जाणवतो. सिग्नलला उभं राहिल्यावर जाणवते ती सीटची उंची: मिटिऑरची ७६५ मिमी, आरसीची ८२४. तुमच्या उंचीला मिटिऑरवर तळवे बऱ्यापैकी टेकतील, आरसीवर फक्त चवडे. चवड्यांवर उभं राहिलं की गाडी एका बाजूला कलते, आणि जितकी कलेल तितका भार त्या पायावर वाढत जातो. पायाखाली नेमकी वाळू आली, तर हलकी असूनही आरसीच सावरायला कठीण.

चालत्या गाडीचं गणित उलटं आहे. आरसीचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) जास्त उभा, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) आखूड. हँडल किंचित दाबलं की वळते. मिटिऑरचं पुढचं चाक १९ इंची, व्हीलबेस १४०० मिमी. सरळ रस्त्यावर ती शांत चालते, पण ताम्हिणीत एका वळणातून लगेच उलट्या वळणात टाकायची तर हँडलवर ठरवून जोर द्यावा लागतो. जास्त झुकवली की फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) घासतात. तिथे वेग वळणाआधीच उतरवा.

नट_बोल्ट
वरच्या प्रतिसादाशी सहमत. अंगावर भार कुठे येतो तेही बघा. आरसीवर मनगटं दुखतात, आणि हायवेपेक्षा शहरात जास्त, कारण कमी वेगात छातीला वाऱ्याचा आधार मिळत नाही. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपर सैल ठेवा, क्लचचा लिव्हर हाताच्या रेषेत येईल इतका खाली फिरवून घ्या. रेडिएटरचा पंखा लागला की मांड्यांना गरम हवा लागते, त्याला इलाज नाही.

मिटिऑरवर पाय पुढे असल्याने खड्ड्यात चटकन उठता येत नाही, दणका थेट माकडहाडाला बसतो. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीच दिलेला ताण) सहा टप्प्यांचा आहे. एकटे असाल तर खालच्या टप्प्यांवर ठेवा, मागे कोणी बसलं की वाढवा.

टेस्ट राइड अशी घ्या:
१. आधी पुढच्या चाकातली हवा तपासा. कमी असेल तर कुठलीही गाडी जड वाटते.
२. इंजिन बंद, न्यूट्रल. सीटवर बसून साइड स्टँडवरून सरळ करा आणि हलक्या चढावर पायांनी मागे सरकवा. पार्किंगमध्ये रोज हेच करायचंय.
३. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा. आरसीचं कमी फिरतं. अंगठा टाकीला अडकत नाही ना, बघा.
४. अरुंद रस्त्यावर यू-टर्न: अर्धा क्लच, मागचा ब्रेक हलका, नजर वळणाच्या शेवटी. पुढचा ब्रेक अजिबात नको. हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी तिथेच आडवी होते.

शोरूमभोवतीच्या एका फेरीत यातलं काही कळत नाही. अर्धा तास तरी मागा, तोही गर्दीच्या वेळी.

सिंहगडरोड
मनापासून आभार. मागचा शॉक आखूड करून आरसी खाली घेतली तर?

घाटवळण
नको. फक्त मागची बाजू खाली आली की फोर्क आडवा होतो आणि ज्या चपळाईसाठी आरसी घ्यायची तीच जाते. शिवाय साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ उभी राहते आणि जरा उतार मिळाला की पलीकडे पडते. त्यापेक्षा चांगल्या सीटवाल्याकडून पुढच्या भागाच्या कडा तासून घ्या. सीट अरुंद झाली की मांड्या जवळ येतात आणि पाय सरळ खाली जातो, फोमची जाडी फारशी कमी न करताही. मूळ सीट जपून ठेवा, कापायला दुसरी घ्या.