'निर्वासित' मुलं की 'परगावी पाठवलेली' मुलं? युद्धकाळातल्या एका बालकादंबरीचे शब्द

विचारणा

१९३९ साली लंडनमधून खेड्यांत हलवलेल्या मुलांवरची एक इंग्रजी बालकादंबरी मराठीत येते आहे. वाचक दहा-बारा वर्षांचे. कच्चा खर्डा वाचलेल्या मुलांच्या प्रतिक्रियांत काही गैरसमज पुन्हापुन्हा दिसतात. 'निर्वासित' वाचून त्यांना वाटलं, या मुलांची घरं पडली, आईबाप गेले. 'गॅस मास्क' वाचून करोनातला कापडी मास्क डोळ्यांपुढे आला. 'इव्हॅक्युई' (धोक्याच्या जागेतून हलवलेलं माणूस), 'बिलेट' (परक्या घरात लावलेली राहण्याची सोय), 'सायरन', 'शेल्टर' यांना काय म्हणावं? तळटीपा शक्यतो नकोत.

प्रतिसाद १

'निर्वासित' काढाच. ब्रिटनची ही योजना १ सप्टेंबर १९३९ला, शुक्रवारी सुरू झाली आणि ब्रिटनने युद्ध पुकारलं ३ तारखेला. लंडनवर एकही बॉम्ब पडलेला नसताना, सरकारने आधी आखून, तीन दिवसांत लंडन आणि इतर शहरांतून सुमारे १५ लाख लोक हलवले. त्यांत आठ लाखांच्या आसपास शाळकरी मुलं होती. ती आईबापांशिवाय, आपापल्या शाळेच्या शिक्षकांबरोबर गेली. घर शाबूत, आई तिथेच, आणि धोका टळला की परत यायचं हे ठरलेलं. निर्वासिताला परतायला घर उरलेलं नसतं.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं उदाहरण घ्या. १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे सुमारे पाच हजार लोक तिथल्या छावणीत राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून ते इराणमार्गे भारतात आले. त्यांना निर्वासित म्हणणं चोख आहे. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. तुमच्या कादंबरीतल्या पोरांची गोष्ट वेगळी: त्यांच्यासारखी कितीतरी मुलं बॉम्ब पडत नाहीत म्हणून १९४०च्या जानेवारीपर्यंत घरी परतलीही होती. सप्टेंबर १९४०मध्ये लंडनवर खरा मारा सुरू झाल्यावर पुन्हा पाठवणी झाली. हे जाणं-येणं 'निर्वासित' शब्दात मावत नाही.

प्रतिसाद २

कोशातल्या पर्यायांपासूनही सावध राहा. 'निष्कासन' म्हटलं की महापालिकेचा अतिक्रमण निष्कासन विभाग आणि त्याचा बुलडोझर आठवतो. तो हुसकावण्याचा शब्द आहे. इथे मुलं पाठवायची की नाही हे आईबापांच्या मर्जीवर होतं. 'निष्क्रांत' तर कायद्यात अडकलेला आहे: १९५०च्या निष्क्रांत संपत्तीच्या कायद्यात तो फाळणीत पाकिस्तानला गेलेल्यांसाठी आला. इंग्रजीत दोन्हीकडे 'इव्हॅक्युई'च आहे, म्हणून शब्दकोशावर विसंबलं की फसगत होते. 'लंडन रिकामं केलं' हेही नको, मोठी माणसं बहुतेक तिथेच राहिली.

'स्थलांतर' चालेल, पण सरकारी पत्रकाच्या किंवा मुख्याध्यापकांच्या तोंडी. मुलांच्या संवादात तो शब्द आला की वाक्य भूगोलाच्या धड्यासारखं होतं.

प्रतिसाद ३

एक सापळा राहिला: 'गावी पाठवलेली मुलं'. ऐकायला गोड आहे आणि म्हणूनच चुकीचं. मराठीत 'गावी' म्हणजे आपल्या गावी. आजोळ, आंबे, मे महिना हे सगळं त्यासोबत येतं. या मुलांचं तिथे कुणीच नव्हतं. कुठे चाललोय हे गाडीत बसेपर्यंत बहुतेकांना माहीत नसायचं. कोटाला नावाचं लेबल बांधलेलं आणि कुणाच्या दारात उतरणार याचा पत्ता नाही, हाच तर गोष्टीचा गाभा.

म्हणून 'परगावी'. पहिल्यांदा 'युद्धामुळे परगावी पाठवलेली मुलं', नंतर नुसतं 'परगावची मुलं', आणि खेड्यातल्यांच्या तोंडी 'लंडनची पोरं'. खेड्यातली मुलं त्यांना तुच्छतेने 'इव्हॅक्युई'चा जो आखूड शब्द वापरत, त्याची चीड 'पोरं'मध्ये बरोबर उतरते. वेगळी शिवी घडवत बसू नका.

प्रतिसाद ४

'बिलेट'साठी मराठीत तयार क्रियापद आहे: उतरवणे. वऱ्हाड उतरवतात, पाहुणे उतरवतात, तशी गावाने पोरं घराघरांत उतरवली. नाम करायला जाऊ नका. 'उतारा' केलं की सातबारा आठवतो. 'बिऱ्हाड' म्हणजे भाडेकरूचं कुटुंब, तेही नको. बिलेटिंग ऑफिसर म्हणजे 'मुलांची सोय लावणारे साहेब' किंवा बाई. पदनाम पहिल्यांदा एकदा द्या, पुढे नुसतं 'सोय लावणाऱ्या बाई'.

यातली सगळ्यात अवघड जागा गावच्या सभागृहातली. मुलं रांगेत उभी आहेत आणि गावकरी येऊन निवडताहेत. (सगळीकडे अशी निवड होत नव्हती, काही ठिकाणी आधी यादी करून घरं नेमली जात.) इंग्रजीत एकच क्रियापद येईल, मराठीत तीन आहेत आणि तिन्हींनी बोलणारी बाई बदलते:

'मी हिला घेते.' हे भाजीच्या गाड्यावरचं वाक्य आहे. बाई कोरडी असेल तर नेमकं हेच हवं.

'मी हिला नेते.' यात निदान हात धरलेला आहे.

'मी हिला ठेवून घेते.' यात घर आहे, आणि 'इतर कुणी घेतलं नाही' हेही आहे. रांगेत शेवटी उरलेल्या मुलासाठी हे राखून ठेवा.

भावंडांच्या प्रसंगात 'दोघांना नको, एकालाच' हे वाक्य फार येतं. ते 'एकच चालेल' असं करा, जास्त बोचतं. मुलगा अंथरूण ओलं करतो तिथे यजमानीण गादीवर जे घालते त्याला 'रबरी चादर' न म्हणता 'मेणकापड' म्हणा. बाळंतिणीच्या खोलीतून हा शब्द घरोघरी माहीत आहे.

प्रतिसाद ५

वस्तूंबद्दल थोडक्यात.

मास्क: 'मुखवटा' म्हटलं की सोंग होतं. 'गॅस मास्क'च ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच रूप दाखवा: काळं रबर, डोळ्यांपुढे पारदर्शक पट्टी, हनुवटीखाली डब्यासारखी गाळणी, आणि हे सगळं सुतळीने खांद्याला अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. आपल्याकडे 'गॅस' म्हणजे शेगडी, तेव्हा एकदा 'विषारी वायू' हे शब्द यायलाच हवेत.

शेल्टर: 'तळघर' सपशेल चूक, कारण हे घराबाहेर, परसात असायचं. अँडरसन शेल्टर म्हणजे वाकवलेले पन्हळी पत्रे माथ्यावर बोल्टांनी जोडायचे, सुमारे ४ फूट खोल खड्ड्यात बसवायचे आणि वर निदान १५ इंच माती टाकायची. आत सहा माणसं. खड्ड्यात पाणी झिरपायचं, म्हणून मुलांचे बूट कायम ओले. 'परसातला पत्र्याचा निवारा' पुरे. 'खंदक' म्हटलं तर वाचक उघड्या चराची कल्पना करतो.

सायरन: 'भोंगा' हा गिरणीपासूनचा आपला शब्द. पण नुसतं 'भोंगा वाजला' लिहिलंत तर धोका आला की टळला हे कळत नाही. इशाऱ्याचा आवाज वर-खाली होत राहायचा, धोका टळल्याचा एकसुरी असायचा. पहिल्याला 'भोंगा रडू लागला' आणि दुसऱ्याला 'सरळ भोंगा झाला' असं कायम ठेवा. मुलं दुसऱ्या प्रकरणापर्यंत फरक ओळखायला लागतात.

ब्लॅकआउट (विमानांना दिसू नये म्हणून रात्री दिवे झाकणं) तसाच राहू द्या. १९७१च्या युद्धात मुंबईत खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवले तेव्हाही लोक ब्लॅकआउटच म्हणत होते.

मूळ विचारणाऱ्याची पुरवणी

'परगावी' आणि 'उतरवणे' दोन्ही घेतले. आता पैशांचं: मूळात यजमानाला आठवड्याला 'टेन अँड सिक्स' मिळतात. खर्ड्यात '१०.६ शिलिंग' झालं आहे.

प्रतिसाद ६

ते लगेच बदला. १० शिलिंग ६ पेन्स असं आहे ते, आणि शिलिंगचे पेन्स १२. म्हणजे सरळ 'साडेदहा शिलिंग'. एकाहून जास्त मुलं असली तर दर मुलामागे साडेआठ. त्यामुळे दोन भावंडं ठेवली की सतरा शिलिंग, एकवीस नव्हेत. तुमच्या यजमानिणीने दोघांना घेतलं असेल तर पोस्टात पैसे घेतानाचा तिचा हिशेब पुन्हा तपासा.