दिवाळी पहाटेला एकटी गिटार: आवाज कसा जमवायचा आणि वाजवायचं काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या दिवाळी पहाटेत यंदा गायकांच्या आधीचा अर्धा तास मला दिलाय. एकटी गिटार. गाणं नाही, तबला नाही, मागे ट्रॅकही नाही. उघडं मैदान, पहाटे साडेपाचला सुरुवात, समोर दोनेकशे खुर्च्या.

गिटार साधी ड्रेडनॉट (मोठ्या पोटाची) आहे, स्टीलच्या तारा, १२-५३ जाडीचा संच. मूळची इलेक्ट्रिक नव्हती, सॅडलखाली (तारा टेकतात त्या पट्टीखाली) पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचा विद्युत संकेत करणारा तुकडा, बसवून घेतलाय. त्याला बॅटरी नाही, बटणं नाहीत, नुसता जॅक. घरी वाजवते तेव्हा तिचा आवाज भरलेला आणि गोड लागतो. गणपतीत मंडळाच्या मिक्सरला थेट जोडली, तर पत्रा वाजवल्यासारखी वाजली. अंगठ्याने धरलेला खर्ज कुणाला ऐकूच गेला नाही, नखांची टकटक मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. साउंडवाल्याने बेस वाढवला की घूंऽऽ सुरू व्हायचं.

भाऊ म्हणतो चांगला अॅकूस्टिक अॅम्प घे. फिशमन लाउडबॉक्स मिनी किंवा एईआर कॉम्पॅक्ट ६० बघतोय. साउंडहोलमध्ये (गिटारच्या गोल तोंडात) लावायचा मॅग्नेटिक पिकअप घ्यावा, असंही एकाने सुचवलंय. पैसे एकदाच खर्च करता येतील, म्हणून आधी इथे विचारते.

दुसरा प्रश्न वाजवायच्या यादीचा. मर्ल ट्रॅव्हिस, चेट अॅटकिन्स या अमेरिकन गिटारवादकांच्या पद्धतीने अंगठा फिरता ठेवून वाजवायचे काही तुकडे हाताखाली आहेत. डॅडगॅड जुळणीत (तारा डी-ए-डी-जी-ए-डी) थोडं काम केलंय. मालकंस फार आवडतो, तो गिटारवर कसा बसवावा कळत नाही. समोर आजी-आजोबा आणि नुकतीच अभ्यंगस्नान करून आलेली मुलं असतील. त्यांनी बसून ऐकावं असं काय घेऊ?

खर्ज

अॅम्प घेऊ नका, निदान या कार्यक्रमासाठी तरी नकोच. तुम्ही सांगितलेले दोन्ही अॅम्प उत्तम आहेत, दोन्ही ६० वॉटचे, आणि घरगुती बैठकीत पन्नासेक माणसांपुढे त्यांच्यासारखा आवाज मिळत नाही. पण मैदानात शेवटी मंडपाचेच स्पीकर वाजणार. खराबी त्याच्या कितीतरी आधी, तुमचा जॅक मिक्सरमध्ये शिरतो तिथे होते आहे.

सॅडलखालचा पिकअप पिझो, म्हणजे दाबावर वीज देणारा, असतो. बॅटरीशिवायच्या पिझोचा संकेत फार नाजूक असतो, त्याला समोर खूप मोठा इम्पिडन्स (विद्युत अडथळा) लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पिडन्स असतो साधारण १० किलोओहम. पिकअपची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) १ नॅनोफॅरड धरली, तर या जोडीत १६ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. म्हणजे जवळजवळ अख्खी गिटारच, आणि जितका खाली स्वर तितकी घट जास्त. तोच पिकअप १ मेगाओहमला जोडला की ही सीमा १६० हर्ट्झवर येते, १० मेगाओहमला १६ हर्ट्झवर. तुमची सहावी तार आहे ८२ हर्ट्झची. आता लक्षात येईल की गणपतीत खर्ज कुठे गेला आणि नखं तेवढी का उरली. साउंडवाल्याने बेस वाढवला तेव्हा गिटारचा बेस मुळात आत आलेलाच नव्हता. त्याने वाढवली ती स्पीकरपासून गिटारच्या पोटापर्यंत आणि परत अशी फिरणारी घूं.

म्हणून खर्च करा तो प्रीअॅम्प असलेल्या डीआयवर, म्हणजे गिटारचा संकेत मिक्सरला जुळवून देणाऱ्या मधल्या डबीवर. घेताना तीन गोष्टी बघा: इनपुट इम्पिडन्स १ मेगाओहमच्या वर, जमल्यास १०, फिरवता येणारा नॉच (एकाच स्वराचा अरुंद पट्टा कापणारा), आणि फेज (संकेताची लहर) उलटायचं बटण. एल. आर. बॅग्जच्या पॅरा डीआयमध्ये हे सगळं आहे. तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो आणि मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवरही (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज). दुसऱ्या कुठल्या कंपनीचा मिळाला तरी हरकत नाही, आकडे तपासून घ्या. बिनबॅटरीचा स्वस्त पॅसिव्ह डीआय मात्र घेऊ नका. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स शे-दीडशे किलोओहमच्या घरात असतो, पिझोला तो पुरत नाही. गिटारपासून डीआयपर्यंतची केबल तीन मीटरच्या आत ठेवा, पुढे मिक्सरपर्यंत एक्सएलआर (माइकची) केबल कितीही लांब जाऊ दे.

आता घूं. प्रत्येक गिटारच्या पोटातल्या हवेचा एक स्वतःचा स्वर असतो. ड्रेडनॉटमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आजूबाजूला सापडतो. तोंड साउंडहोलजवळ नेऊन हलकेच हुंकार द्या आणि स्वर सावकाश खाली-वर सरकवा. एका जागी पाठीचं लाकूड छातीला थरथरलेलं कळेल. माझ्या गिटारचं पोट जी ला बोलतं, ९८ हर्ट्झच्या आसपास. डॅडगॅडमध्ये तो स्वर सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर येतो, आणि तिथे बोट ठेवलं की मंचावर तार सोडली तरी स्वर थांबत नाही. नॉच नेमका तिथे लावायचा, बाकी बेसला हात लावायचा नाही. शिवाय साउंडहोलला रबरी झाकण घाला. दिसायला बरं दिसत नाही, पण मैदानात निम्मं काम तेच करतं. एवढं करूनही कुरकुर राहिली, तर फेजचं बटण दाबून बघा.

पिझोचा तो प्लास्टिकसारखा टणत्कार १ ते ३ किलोहर्ट्झच्या मध्ये असतो. तिथे थोडं कापा. थोडंच, नाहीतर सुरावट मागे जाईल.

मॅग्नेटिक पिकअपचा आवाज गोल येतो, घूंही कमी होते. मात्र ब्राँझ लोहचुंबकाला लागत नाही, पिकअप तारेच्या आतल्या स्टीलच्या गाभ्यालाच ओळखतो. त्यामुळे पहिली आणि दुसरी या बिनगुंडाळीच्या तारा, त्यातही दुसरी, बाकीच्यांच्या अंगावर जाते. खालचे स्क्रू फिरवून ते जुळवता येतं, पण त्याला निवांत वेळ हवा. शिवाय गिटारच्या अंगावर थाप मारून ठेका धरणार असाल, तर ती थाप त्यात जवळजवळ येतच नाही. आहे त्या पिकअपवरच काम भागवा.

मांडवीपार

वरच्यात एक भर. माझी गिटार नायलॉन तारांची, मडगावकडे लग्नांत वाजवतो. नायलॉनला मॅग्नेटिक पिकअप चालतच नाही, हे वाचणाऱ्या कुणी क्लासिकलवाल्याने लक्षात ठेवावं. पिझोच घ्यावा लागतो, नाहीतर माइक. डीआयबद्दल खर्ज यांच्याशी शंभर टक्के सहमत.

कृष्णाकाठ

खर्ज, मनापासून आभार. हुंकाराचा प्रयोग लगेच केला. माझी गिटार ए च्या किंचित खाली थरथरते! डीआयचं ठरलं. आता यादीचं सांगा ना. भूप आणि मालकंस असे दोन तुकडे डोक्यात आहेत.

खर्ज

पहाटे साडेपाचला भूप नको आणि मालकंसही नको. दोन्ही रात्रीचे. समोरच्या आजी-आजोबांपैकी दोघं-चौघं तरी कानाचे पक्के असणार, आणि पहिल्या सुरालाच त्यांचा हिरमोड व्हावा असं मला तरी वाटत नाही.

डॅडगॅडकडे आपल्या नजरेने बघा. डी ला सा धरला की सहावीपासून पहिलीपर्यंत मोकळ्या तारा होतात सा प सा म प सा. षड्ज-पंचमाचा तंबोरा हातातच आला, आणि तिसऱ्या तारेवर मध्यम मोकळा. मग ज्या सकाळच्या रागात मध्यम हवा तो घ्या. अहीर भैरव! त्यात मध्यम वादी (मुख्य स्वर). कोमल रिषभ पहिल्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, शुद्ध धैवत दुसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर, कोमल निषाद तिसऱ्यावर, सगळं बोटांखाली. रिषभाला आंदोलन द्यायला तार जराशी बाजूला दाबायची, पहिल्या फ्रेटवर ती कडक लागते म्हणून तिथे बोटाला सवय हवी. सुरुवातीला अंगठ्याने नुसते सा-प-सा झुलवत ठेवून चार-पाच मिनिटं संथ आलाप घ्या, ठेका नको. लोक खुर्च्या सरकवत, चहा घेत येत असतात, तेव्हा हेच बरं. मग त्यातूनच ‘पूछो ना कैसे मैंने रैन बिताई’ची चाल निघू द्या. ती अहीर भैरवातलीच आहे, आणि तीन पिढ्यांना ओळखीची.

पुढे एकच तार बदला. तिसरी जी वरून अर्धा स्वर खाली, एफ शार्पला. झाल्या मोकळ्या तारा सा प सा ग प सा, म्हणजे ओपन डी. यात देसकार घ्या. स्वर भूपाचेच, सा रे ग प ध, पण वादी धैवत आणि वेळ सकाळची. इथे एक जपा. तिसरी तार आता गंधाराची, ती सतत वाजत राहिली तर ऐकणाऱ्याला भूपच वाटेल. तळहाताच्या कडेने तिला दाबून ठेवा, आणि दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरच्या धैवतावर थांबा, तिथून पंचमावर या. मी हे बसवताना गंधार फक्त उतरताना, ओझरता घेतो. मग ‘ज्योति कलश छलके’. सुधीर फडक्यांची ही १९६१ ची चाल भूपातली की देसकारातली यावर जाणकार अजून बोलत असतात. तुमच्या कार्यक्रमाला तिचा पहाटेचा विषय आणि बाबूजींचं नाव दोन्ही चालतं. अंतऱ्याला उघडी पाचवी आणि चौथी तार आळीपाळीने धरली की चालीला उजेड येतो.

तिसरा भाग अभंगाचा. तुमचा ट्रॅव्हिस पद्धतीचा अंगठा इथे कामाला येतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि आळीपाळीने दोन तारांवर जाणारा अंगठा त्यात सहज बसतो. दुसऱ्या फेरीपासून अंगठ्याच्या बाजूने तारांवर हलकी थाप द्या, टाळाची जागा भरते. अभंग कुठला ते तुम्हीच ठरवा, पण चाल पहिल्या तीन तारांत मावणारी घ्या, म्हणजे अंगठ्याला खाली मोकळीक राहील. चेट अॅटकिन्सच्या वळणाचा एखादा तुकडा शेवटी जरूर वाजवा. मुलं उठून बघायला येतात.

मालकंसाचं वेगळं सांगतो, रात्रीच्या बैठकीसाठी. नेहमीच्या जुळणीत फक्त दुसरी तार बी वरून ए ला उतरवा. ई ला सा धरा. आता मोकळ्या तारा: सा, म, कोमल नि, कोमल ग, म, सा. सहाच्या सहा मालकंसातल्या! पंचम कुठेच नाही, आणि तंबोरा मध्यमाला लावल्यासारखा खर्ज सहावी-पाचवीवर. कोमल धैवत तेवढा दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला घ्यावा लागतो. एकदा वाजवून बघा, सोडवणार नाही.

फेडरखाली

मी साउंड करतो, म्हणून आमच्या बाजूचं थोडं. ताई, डीआय स्वतःचा आणा, आमच्याकडचा पॅसिव्ह असण्याची शक्यता जास्त. फँटम हवा असेल तर साउंड चेकलाच सांगा, चॅनेल म्यूट करून मग ४८ व्होल्ट चालू करतात, नाहीतर स्पीकरला दणका बसतो. तुमचा आवाज डीआयवर जमवून घ्या आणि आमच्याकडचा इक्यू (बेस-ट्रेबलची बटणं) सरळ ठेवायला सांगा. दोन्हीकडे कापाकापी झाली की आवाजात काही उरत नाही.

चॅनेलवरचा ८० हर्ट्झचा लो कट (त्याखालचे स्वर कापणारं बटण) बहुतेक जण सवयीने दाबतात. तुमची सहावी तार डी ला, म्हणजे ७३ हर्ट्झला असणार. तो बंद ठेवायला आठवणीने सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या अर्ध्या तासात गायकांचे, तबल्याचे, पेटीचे माइक बंद ठेवायला लावा. मंचावर पाच-सहा माइक उघडे असले की घूं येते आणि दोष गिटारच्या माथी जातो. मॉनिटर पायाशी, तिरका. साउंडहोलच्या समोर नको.

कृष्णाकाठ

हे लो कटचं मला कधीच सुचलं नसतं. आभार! शेवटचं विचारते, पहाटेच्या गारठ्यात सूर टिकतो का? आणि माझी नखं कच्ची आहेत, तासभर सरावात मधलं नख झिजतं.

खर्ज

गारठ्यात स्टील आकसतं, स्वर चढतो. दिव्यांखाली उलटं. गिटार अर्धा तास आधी पेटीतून काढून मंचावरच ठेवा, तारा मगच सुरात लावा. ट्यूनर खुंट्यांच्या डोक्याला चिमट्याने लावायचा घ्या, तो लाकडाचं कंपन वाचतो, त्यामुळे मागे चाचणी चालू असली तरी अडत नाही. तिसरी तार उतरवताना एफ शार्पच्या थोडी खाली नेऊन मग वर आणा, आणि बोटाने एकदा ओढून परत तपासा. ती गुंडाळीची तार आहे, उतरवली की हळूहळू वर सरकू बघते. हे करताना डीआय म्यूट ठेवा, किंवा लोकांशी दोन शब्द बोला.

नखांना पार्लरमध्ये अॅक्रिलिकचा थर लावून घ्या, कार्यक्रमाच्या तीन-चार दिवस आधी, म्हणजे बोटाला अंदाज येतो. काही जण टेबल टेनिसच्या चेंडूची पट्टी कापून नखाखाली चिकटवतात, तेही चालतं. कड काचेच्या कानशीने घासा, पत्र्याच्या नको. पिझोवर खरबरीत कडेची प्रत्येक खर्रखर्र ऐकू येते. अंगठ्याला थंबपिक घालत असाल आणि ते टोचत असेल, तर गरम पाण्यात बुडवून बोटाच्या मापाने वळवून घ्या.

डीआय आला की आधी मंडळाच्या मिक्सरवर एकदा लावून बघा, आणि कसा वाजला ते इथे कळवा.