घराजवळचं इटालियन रेस्टॉरंट : तुमचे अनुभव सांगा

बऱ्याच दिवसांपासून मनात होतं, आज धागा काढतेच. विषय साधा आहे, घरापासून चालत जाता येईल असं छोटंसं इटालियन रेस्टॉरंट. मोजकी टेबलं, दोन पानी मेन्यू आणि मालक स्वतः काउंटरवर उभा, अशा प्रकारचं. तिथे तुम्ही काय मागवता, काय जमून आलं, कुठे वैतागलात, वेटरला काय काय विचारता, सगळं लिहा. लांबलं तरी चालेल.

माझ्यापासून सुरुवात करते. नवीन ठिकाणी गेले की मी पहिल्यांदा आल्यो ए ओल्यो मागवते. स्पगेटी, लसूण, ऑलिव्ह ऑइल, सुकी लाल मिरची, थोडी पार्सली, बास. लपवायला त्यात काही नाहीच. लसूण जरा जास्त तांबूस झाला की सगळी डिश कडवट लागते आणि तेल नीट मिळून आलं नाही तर ताटात खाली तेलाचं तळं साचतं. आमच्या कोपऱ्यावरच्या ठिकाणी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा लसणाचे काप फिकट सोनेरी होते, स्पगेटीच्या प्रत्येक काडीवर पातळ चकचकीत थर बसलेला, आणि खाऊन झाल्यावर ताट नुसतं ओलसर. तेव्हापासून मी तिथली कायमची गिऱ्हाईक आहे.

* * *

ताई, छान धागा. मी शाकाहारी, अंडंही खात नाही. इटालियन म्हणजे शाकाहारींची चंगळ असं सगळे म्हणतात आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे, पण चीज बघावं लागतं. पार्मिजानो रेज्जानो बनवताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, त्यांच्या नियमातच आहे तसं, पेकोरिनो रोमानोत कोकराचं असतं आणि ग्राना पादानोही शाकाहारी नाही. पेस्तोत, म्हणजे त्या बेसिलच्या हिरव्या चटणीत, बहुतेक वेळा यातलं काहीतरी असतं. शिवाय गोडात पन्ना कोत्तात जिलेटिन (तेही प्राण्यांपासूनचं), तिरामिसूत अंडं, मिनेस्त्रोने सूप भाज्यांचं असलं तरी त्यातला स्टॉक, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, मांसाचा असू शकतो, आणि ताज्या पास्त्यात बरेचदा अंडं असतं, सुका मात्र बहुतेक वेळा नुसता रवा आणि पाणी.

एवढं सगळं विचारायचं म्हणजे सुरुवातीला मला फार संकोच वाटायचा. पण आमच्या जवळच्या ठिकाणच्या वेट्रेसने "थांबा, मी आणूनच दाखवते" म्हणत किचनमधून चीजचं पाकीट आणलं आणि आम्ही दोघींनी उभ्या उभ्या लेबल वाचलं. त्यांचं मोझरेला मायक्रोबियल रेनेटचं, म्हणजे प्राण्यांचं नसलेलं, निघालं, म्हणजे मार्गारिता पिझ्झा चालणार होता. आणि तिनेच सुचवलं की मारिनारा पिझ्झा घेऊन बघा, त्यावर चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच. कोणाला वाटेल चीजशिवाय कसला पिझ्झा, पण खरं सांगते, टोमॅटो चांगला असेल तर चीजची आठवणही येत नाही. आता मी तोच मागवते.

* * *

तेल मिळून येण्याबद्दल ताईंनी लिहिलंय त्यावर थोडं. मी काही वर्षं अशाच एका छोट्या किचनमध्ये काम केलंय. सगळी करामत पास्ता उकडलेल्या पाण्यात असते. लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ, पास्ता पूर्ण शिजायच्या एक-दोन मिनिटं आधीच काढायचा आणि सॉसच्या पॅनमध्ये टाकून, त्यातच त्या पाण्याचा एखादा डाव घालून जोरात हलवत शिजवायचा. पाण्यात उतरलेला स्टार्च तेल आणि पाणी धरून ठेवतो, त्यामुळेच तो चकचकीत थर येतो. रात्री उशिरापर्यंत त्याच पाण्यात पास्ता शिजत राहिला की पाणी गढूळ होतं आणि सॉस आणखी छान धरतो, आम्ही स्टाफचं जेवण त्यातच करायचो.

काही ठिकाणी पास्ता आधीच अर्धवट उकडून, तेल लावून ट्रेमध्ये पसरून ठेवतात. गर्दीच्या वेळी एकदम पंधरा ऑर्डर आल्या की चार शेगड्यांवर दुसरं करणार तरी काय, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण तेल लागलेल्या पास्त्याला सॉस चिकटत नाही, घसरून खाली येतो. सुकी स्पगेटी शिजायलाच आठ-दहा मिनिटं लागतात, त्यामुळे ऑर्डर दिल्यावर तीन मिनिटांत टेबलावर आली तर काय ते समजून जा. ताजा पास्ता मात्र खरोखरच दोन-तीन मिनिटांत होतो हं, तिथे शंका घेऊ नका. आणि ताजा म्हणजे भारी, सुका म्हणजे हलका असं अजिबात नाही, आल्यो ए ओल्योला सुकाच हवा.

* * *

माझ्या सासूबाईंना कवळी आहे, अल देन्ते, म्हणजे दाताला किंचित कडक लागणारा पास्ता त्यांना चावत नाही. मी घाबरत घाबरतच विचारलं की जरा मऊ करून द्याल का, कारण इटालियन शेफला असं सांगणं म्हणजे अपमान वगैरे ऐकलं होतं. तो स्वतः बाहेर आला, आईंशी बोलला आणि म्हणाला पास्ता राहू द्या, मी तुम्हाला मऊसर पोलेन्ता देतो, वर मशरूम. मक्याचं पीठ इतकं घोटून घोटून शिजवलेलं की चमच्याने सहज खाता यावं. आईंनी ताट पुसून खाल्लं आणि आता बाहेर जायचं म्हटलं की त्याच तयार होऊन बसतात.

* * *

रिसोत्तो मागवणाऱ्यांनी वेळ हातात ठेवून जावं एवढंच सांगतो. तांदूळ आर्बोरिओ किंवा कार्नारोली, गरम स्टॉक थोडा थोडा घालत १८-२० मिनिटं तरी लागतातच, आणि मग गॅसवरून उतरवून लोणी-चीज घालून फेटायचा. आमच्या इथे मेन्यूवरच लिहिलंय की वेळ लागेल. मी आणि बायको आधी ब्रुस्केत्ता (भाजलेल्या पावावर टोमॅटो) घेतो आणि निवांत गप्पा मारतो, घरात मुलांच्या गडबडीत आम्हाला सलग अर्धा तास मिळतो कुठे. ताटलीत वाढल्यावर हळूच पसरला पाहिजे, ढिगासारखा उभा राहिला तर जास्त आटलाय.

* * *

रिसोत्तोवाल्या दादांना +१. माझ्या बायकोला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन चालत नाही, गहू पूर्ण बंद, त्यामुळे रिसोत्तो आणि पोलेन्ता हेच आमचे दोन आधार, तेही स्टॉक कशाचा आहे ते विचारून. एका ठिकाणी ग्लूटेन-फ्री पास्ता मिळतो असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, तिने खाल्ला आणि नंतर दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. मी परत जाऊन विचारलं तर पास्ता खरंच ग्लूटेन-फ्री होता पण नेहमीच्याच पाण्यात उकडलेला! तेव्हा नुसता पास्ता कुठला ते विचारून भागत नाही, पातेलं वेगळं, पाणी वेगळं, चाळणी वेगळी का हे विचारा. आणि जिथे तिथेच पिझ्झाची कणीक मळतात तिथे पीठ हवेत उडत असतं, ते आम्ही टाळतोच. आता जिथे जातो तिथला मालक आमचा फोन आला की एक पातेलं बाजूला काढून ठेवतो. मला त्या माणसाबद्दल किती वाटतं ते लिहून सांगता येणार नाही.

* * *

माझी तक्रार आहे. कार्बोनारा म्हणून क्रीममध्ये बुडवलेला पास्ता देतात. अंडं, पेकोरिनो, ग्वान्चाले (डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस) आणि मिरपूड, यात क्रीम येतंच कुठे? अंडं पास्त्याच्या उष्णतेवरच घट्ट व्हायला हवं, आच जास्त झाली की त्याची भुर्जी होते, म्हणून सोपा मार्ग क्रीमचा. सोपा असेल, पण मग नाव वेगळं द्या ना.

* * *

दादा, तुमचं पटतंय पण आमच्या इथला मालक अगदी मोकळेपणाने सांगतो की क्रीमवाला जास्त खपतो म्हणून मेन्यूवर ठेवलाय, आणि तुम्ही मागितलात तर तो रोमसारखा, क्रीम न घालता, करून देतो. विचारून बघा एकदा.

मी एकटीच जेवायला जाते. एकट्या बाईला कोपऱ्यातलं, बाथरूमच्या दाराजवळचं टेबल देतात असा बऱ्याच जणींचा अनुभव असेल, माझाही आहे. इथे मात्र मला भट्टीसमोरच्या काउंटरवर बसवतात. काय बघत बसते मी! पिझ्झा करणारा पिठाचा गोळा बोटांनी मधून बाहेर दाबत जातो, कडेला हात लावत नाही, कारण तिथली हवा तशीच राहिली तरच कड फुगते. लाकडाची भट्टी, पिझ्झा आत गेला की कड डोळ्यांदेखत वर येते, तो लांब दांड्याच्या फावड्याने अर्धा वळवतो, आणि ६० ते ९० सेकंदात बाहेर, खाली काळे ठिपके पडलेले. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. समोर बसून बघितलं की ते अगदी योग्यच वाटतं.

* * *

किती छान लिहिताय सगळे. या शुक्रवारी मारिनारा नक्की. एक विचारायचं होतं, न्योक्कीबद्दल, त्या बटाट्याच्या छोट्या गोळ्यांबद्दल, कोणीच लिहिलं नाही. एका ठिकाणी अलगद विरघळली तोंडात, दुसरीकडे नुसते चिकट गोळे. असं का होतं? किचनवाले दादा, सांगाल का?

* * *

बटाट्यात पाणी जास्त असलं की पीठ जास्त घालावं लागतं, आणि पीठ वाढलं, मळलं की चिकट होणार. जुना, पिठूळ बटाटा सालासकट उकडून गरम असतानाच कुस्करायचा आणि कमीत कमी हात लावायचा. करून ठेवली तर पाणी सुटतं, म्हणून न्योक्की आज केलीय का एवढं विचारा. कालची असेल तर दुसरं काहीतरी घ्या.