जॅझबद्दल बोलणं-लिहिणं यावर आयुष्य उभं राहतं का?

गोदाकाठ:
मी २७ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरला राहते. नोकरी अकाउंट्सची. गेलं वर्षभर दर रविवारी मोबाइलवर वीस मिनिटं जॅझबद्दल मराठीत बोलते आणि ओळखीच्यांना पाठवते. ऐकणारे शंभरेक झालेत. आई विचारते, "याचं पुढे काय?" तेच इथे विचारते. फक्त जॅझ लावणं आणि त्यावर बोलणं-लिहिणं, एवढ्यावर कुणाचं आयुष्य उभं राहिलंय का? आणि ज्यांनी हे संगीत कधी ऐकलेलंच नाही, त्यांच्यापुढे किती बोलावं?

सातपूर_तबला:
आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. लेखी परीक्षा असते, मग आवाजाची चाचणी. पण ड्यूट्या महिन्याला मोजक्याच मिळतात, तेव्हा नोकरी सोडू नका. आणि रेकॉर्ड पूर्ण वाजवून जाहीरपणे टाकायची असेल तर हक्क ज्यांचे त्यांची परवानगी लागते.

नाशिकरोडकर:
विलिस कॉनोव्हरचं उभं राहिलं. जानेवारी १९५५ मध्ये 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशांसाठीच्या रेडिओवर, त्याचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ साली तो गेला तोवर चालला. तो तिथला पगारी नोकर नव्हता, कंत्राटावर काम करायचा. म्हणून काय वाजवायचं हे तोच ठरवी.

मी सत्तरच्या दशकात प्रेसमध्ये लागलो. जेलरोडला खोली, थोरल्या भावाचा मर्फी रेडिओ, आणि खिडकीतून समोरच्या कडुनिंबाला बांधलेली तांब्याची तार. रात्री शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा यायचा नि जायचा. आधी पियानोवादक ड्यूक एलिंग्टनच्या बँडची 'टेक द ए ट्रेन' ही धून, मग कॉनोव्हरचा तो खर्जातला, सावकाश आवाज. माझं इंग्रजी म्हणजे मॅट्रिकचं. तरी मला कळायचं, कारण तो एकेक शब्द सुटा करून बोलायचा. परदेशातल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांसाठीच तो तसं बोलायचा, हे फार पुढे वाचलं.

मी वहीत नावं उतरवायचो, ऐकू येतील तशी, देवनागरीत. एक नाव वर्षभर 'थलोनस मंग' असंच होतं. मुंबईला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये रेकॉर्डचं कव्हर हातात आलं तेव्हा ते थेलोनियस मंक झालं, जॅझचा पियानोवादक. तिथल्या केबिनमध्ये उभं राहून ती रेकॉर्ड ऐकली. विकत घ्यायला पैसे नव्हते. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा मी दिवसभर कुणाशी नीट बोललो नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: थोडं बोला, सावकाश बोला, आणि वाजवणाऱ्याचं नाव दोनदा घ्या, आधी आणि नंतर. ऐकणारा मध्येच आलेला असतो. कुणीतरी वहीत लिहीत असतं.

आईंनाही एक सांगा. हा कॉनोव्हर वॉर्सा-मॉस्कोत घरोघरी ठाऊक होता, पण स्वतःच्या देशात फारसा नाही. १९४८ च्या कायद्यामुळे ते प्रसारण अमेरिकेतल्या लोकांसाठी नव्हतंच. तरी १९६९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये एलिंग्टनचा सत्तरावा वाढदिवस झाला, तेव्हा मैफलीची जुळवाजुळव त्याच्याकडे होती.

गोदाकाठ:
काका, हे वाचून मागचे सगळे भाग पुन्हा ऐकले. मी नाव एकदाच घेते, तेही घाईत. आणि लिहिण्याचं काय? परीक्षण लिहायला बसलं की सगळी विशेषणंच येतात.

सातपूर_तबला:
लेनर्ड फेदर नावाचा जॅझ समीक्षक १९४६ पासून एक करायचा: वादकाला नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवायची आणि तो काय म्हणतो ते छापायचं. तुम्ही नाशिक ढोल वाजवणाऱ्या एखाद्या पोराला जॅझ ड्रमर मॅक्स रोचचा ड्रम सोलो, म्हणजे एकट्याचं ड्रमवादन, ऐकवा. तो 'सुंदर' म्हणणार नाही. हात कुठे पडला, थाप कुठे दाबली, ते सांगेल. तेच लिहा.

गोदाकाठ:
आमच्या गल्लीतलेच दोघं पथकात आहेत. शनिवारी सरावानंतर ऐकवते. काका, ती वही अजून आहे का?

नाशिकरोडकर:
आहे. पहिल्या पानावर शाईने लिहिलंय: "ड्यूक एलिंग्टन, पियानो. पुढचं खरखरीत गेलं."