बालसुरक्षेचं प्रशिक्षण म्हणजे गुरूचा अपमान म्हणे!

खडूफळा
‘एरंडेल’ सरांची कालची पोस्ट वाचली. सार असं, की तीस वर्षं पोरं मल्लखांबावर चढवली आणि आता पंचविशीतली एक मुलगी प्रोजेक्टर लावून मला सांगणार की मुलांशी कसं वागायचं. हा गुरूचा अपमान आहे. खाली दीडशे अंगठे आणि ‘सर, मनातलं बोललात’ची रांग. तिथेच लिहिणार होते, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

सर, त्या दोन तासांत तुमचं चारित्र्य कुणी तपासत नाही. मूल काही सांगायला येतं तेव्हा आपण काय करतो, हा विषय असतो. आणि तेव्हा आपण माती खातो. मी खाल्लीय.

आठ वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत सहावीतली एक मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाई, मला व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर नाही बसायचं." मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "मग मागे बस. ते मला काय सांगतेस?" ती गेली. चार महिन्यांनी आईने दाखला काढून नेला, तेव्हा कळलं. व्हॅनवाले काका म्हणजे सगळ्या स्टाफचे लाडके. दिवाळीला घरच्या चकल्या आणून द्यायचे.

पुढे प्रशिक्षणात आमच्या जोड्या पाडल्या. एकीने मूल व्हायचं, दुसरीने बाई. बाईने तीन वाक्यं टाळायची: ‘खरं सांगतेस ना?’, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ आणि ‘मी कुणाला सांगणार नाही हं.’ वीस मिनिटांत मी तिन्ही म्हणून मोकळी झाले. बावीस वर्षांची नोकरी झाली होती तेव्हा माझी.

एरंडेल
ताई, त्या मुलीचं वाईट वाटलं. पण तुमच्या व्हॅनवाल्याचं पाप माझ्या माथी का?

तुमच्या त्या बाईंनी स्लाइड दाखवली, शरीराच्या कोणत्या भागाला हात लावायचा नाही याची. आमची पोरं लंगोटावर चढतात. साधी अढी, म्हणजे पायांनी खांब धरणं, शिकवताना कमरेला आधार नसेल तर पोर मानेवर आपटतं. खांबाला एरंडेल लावलेलं, हात सटकतात. आधी मल्लखांब लांबून शिकवून दाखवा, मग मी तुमच्या हॉलमध्ये येऊन बसतो. चहासुद्धा मीच पाजतो.

झेडपीवाला
‘प्रशिक्षण’ हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. मतदारयादीचा बीएलओ मी, सर्वेक्षण मी, खिचडीचा तांदूळ मोजणारा मी, ऑनलाइन माहिती भरणाराही मीच. २०१७ ला तक्रारपेटीचा जीआर आला, पेटी लावली. २०२२ ला मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा आला, फलक लावला. फोटो अपलोड केला, वरून ‘छान’ आलं. समितीची बैठक घ्यायला माणसं आणू कुठून? शिकवायचं कधी, हे सांगा आधी.

रिकामटेकडा
इथे प्रतिसाद लिहायला मात्र वेळ मिळतो गुरुजींना.

झेडपीवाला
रविवार आहे आज. कॅलेंडर बघा.

टेम्सकाठचा
इंग्लंडमध्ये आमची शनिवारची मराठी शाळा आहे. सगळे बिनपगारी. ‘ळ’ कसा म्हणायचा एवढंच मी शिकवतो, तरी मुलांसमोर उभं राहण्याआधी डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, झाली. शंका आली तर कुणाकडे जायचं हे ठरलेलं आहे, आणि त्या व्यक्तीचा फोटो दारावर आहे. अपमान वगैरे कुणालाच वाटला नाही. नियमित शाळांत तर दर सप्टेंबरला सरकारी मार्गदर्शिका पुन्हा वाचायला लावतात.

एरंडेल
आला! परदेशातून उपदेश आल्याशिवाय धागा पूर्ण होतच नाही. एवढे कागद करून तुमच्याकडे काही घडतच नसेल ना?

टेम्सकाठचा
घडलं म्हणूनच कागद आले. २००२ मध्ये सोहम नावाच्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी तिथल्या हायस्कूलचा केअरटेकर. त्याच्यावर दुसऱ्या भागात आधी अनेक आरोप झाले होते, पण ती माहिती नोकरी देणाऱ्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्यावर चौकशी बसली आणि तपासणीची पद्धत पुढे बदलत गेली. आमच्याकडे सगळं गोडगोड आहे असं मी कुठे म्हटलं?

काळाकोट
सोहमपर्यंत कशाला जाता? बदलापूर विसरलात? शाळेत कंत्राटी सफाई कामगार, चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार. पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि २० ऑगस्ट २०२४ ला लोक रुळांवर उतरले. मग घाईघाईने सीसीटीव्हीचे आदेश निघाले. कॅमेऱ्याला कुणी मूल काही सांगायला जात नाही, हे लक्षात घ्या.

आता एरंडेल सरांसाठी. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, कलम १९. शंका आली तरी कळवायचं. ‘खात्री करून घेऊ’ हा मुख्याध्यापकांचा आणि संस्थाचालकांचा आवडता शब्द, पण खात्री करणं हे पोलिसांचं काम आहे. प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर तुमच्यावर कारवाई होत नाही. कळवलं नाही तर कलम २१: सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थाप्रमुख असाल तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात डॉक्टरवरचा न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आणि २०२०च्या नियमांत कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि वेळोवेळी प्रशिक्षण सांगितलंय, त्यात क्रीडा प्रबोधिनी शब्दशः येतात. म्हणजे तुमचा आखाडासुद्धा, सर.

एरंडेल
धमकी देताय का?

काळाकोट
कलम वाचून दाखवलं. फी लावलेली नाही.

घुंगरू
मल्लखांबाचं कळत नाही, पण मी कथक शिकवते. माझ्या गुरूंनी माझा खांदा, कंबर, हनुवटी सगळं हाताने वळवलं. मी पण तेच करायचे. हल्ली आधी म्हणते, "कोपर वर करते हं." नव्वद टक्के मुली मी म्हणताक्षणी स्वतःच करतात. हात लावायची गरज वाटायची तेवढी नव्हतीच, हे पन्नाशीत कळलं.

एरंडेल
कथकमध्ये कोणी उलटं लटकत नाही, मॅडम. माझं पोर आठ फुटांवर डोकं खाली करून आहे. तेव्हा विचारू का, "बाळ, तुझी परवानगी आहे का?"

घुंगरू
चढायच्या आधी विचारा की! खाली उभं असताना. "मी इथे आणि इथे धरणार, निसटलास तर कुठेही धरीन." आईबाप समोर असताना सांगा. यात कुठली लाज?

जलतरंग
पोहण्याच्या क्लासमध्ये आम्ही हेच करतो. नवीन पोरांना पोटाखाली हात देऊन तरंगायला शिकवतो, पण काठावर दोन पालक बसलेले असतात आणि एकटा कोच एकट्या मुलाबरोबर तलावात उतरत नाही. हा नियम माझ्या भल्याचा आहे. उद्या कुणी खोटा आरोप केला तर साक्षीदार आहेत.

एरंडेल
खोटा आरोप! आता बोललात. हाच तर मुद्दा. आमच्या ओळखीतल्या एका कोचला फीच्या भांडणावरून पालकांनी अडकवलं. दोन वर्षांनी सुटला. तोवर बायको माहेरी आणि आखाड्याला टाळं. त्याला कोण प्रशिक्षण देणार?

काळाकोट
द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे. दोन वर्षं परत येत नाहीत, हेही खरं. तिथे तुमच्याशी वाद नाही.

रिकामटेकडा
वकील आणि मास्तर एका बाजूला! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

दादरकर
मल्लखांबाबद्दल एक. दोरीचा मल्लखांब मुलींसाठी आणि पुरलेला मुलग्यांसाठी, हे कुणी ठरवलं? माझ्या मुलीला पुरलेलाच करायचाय.

एरंडेल
ये म्हणावं. पण खांब मांड्यांत घट्ट धरता आला पाहिजे. तिचं वय काय? मनगटं कशी आहेत?

खडूफळा
अहो, धागा कशावर होता!

मौनी
चार वर्षं इथे फक्त वाचतोय. आज लिहितो.

मी नवव्या वर्षी तबला शिकायला जायचो. गुरुजी घरी एकटेच. काय झालं ते लिहीत नाही. मुलगा असल्याने हे ‘ते’ आहे असं मला स्वतःलाच वाटलं नाही. ते फक्त मुलींशी होतं, एवढंच ऐकलेलं. वडिलांना म्हटलं, तबला नको. ते म्हणाले, "रियाजाचा कंटाळा." मला परत पोचवून आले. स्कूटरवरून. दोन वर्षं.

सर, तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. पण ‘गुरूचा अपमान’ हा शब्द आमच्या घरात फार चालायचा. केंद्र सरकारच्या २००७च्या अहवालात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. तो आकडा मी चाळिशीत वाचला. वाचून एकटाच गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

खडूफळा
मौनी, वाचलं. बाकी काही लिहीत नाही आत्ता.

झेडपीवाला
मौनी दादा, माझ्या वर्गात एक मुलगा आहे, पंधरा दिवस गप्प. मी धरून चाललो होतो की बापाने मोबाइल काढून घेतला असेल. उद्या बसतो त्याच्याजवळ. (सर्वेक्षण मात्र तरीही माझ्याच गळ्यात आहे, याची नोंद घ्यावी.)

काळाकोट
बसाल तेव्हा फक्त ऐकून घ्या, गुरुजी. खोदून विचारू नका. तेच तेच मुलाला चार जणांनी विचारलं की जबाब बिघडतो. काही निघालंच तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन किंवा पोलीस ठाणं. जबाब घ्यायला पोलीस वर्दीत येत नाहीत, घरीही घेता येतो. हे पालकांना आधी सांगा, घाबरून मागे फिरतात ती तिथेच.

टेम्सकाठचा
आमच्या प्रशिक्षणातही अगदी हेच…

रिकामटेकडा
झालं, लंडन पुन्हा सुरू.

खडूफळा
एरंडेल सर, तुम्ही गप्प झालात. एकच विचारते. तुमच्या आखाड्यात तक्रारपेटी आहे का, आणि तिची किल्ली कुणाकडे असते?

एरंडेल
आहे. कार्यालयाच्या दाराशी. किल्ली अध्यक्षांकडे. म्हणजे असावी.

घुंगरू
कार्यालयाच्या दाराशी, म्हणजे पोर चिठ्ठी टाकताना आतले सगळे बघणार. उत्तम जागा.

एरंडेल
टोमणे नकोत. सकाळी बघतो.

एरंडेल
(दुसऱ्या दिवशी) अध्यक्ष म्हणाले, किल्ली आधीच्या अध्यक्षांनी दिलीच नाही. ते वारले तीन वर्षांपूर्वी. कुलूप तोडलं. आत गुटख्याच्या पुड्या, एक मेलेलं झुरळ, आणि चौकोनी वहीच्या कागदावर एक चिठ्ठी: ‘मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही.’ तारीख नाही, नाव नाही. अक्षर सातवी-आठवीतलं.

मी रोज त्या दारावरून जातो. दुपारी सुतार बोलावून कडी बसवली. पेटी जिन्याखाली हलवली. यावरून मी तुमच्या प्रोजेक्टरवाल्या मुलीसमोर पुन्हा बसणार, असा अर्थ कुणी काढू नये.

खडूफळा
शनिवारी चारला आहे, आमच्याच शाळेत. चहा तुम्ही पाजणार होतात.

दादरकर
माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मनगटं बरी आहेत. कधी आणू?