शब्दचर्चा : ज्वालामुखींच्या रांगेमागे भूकवच ‘विस्तारते’ की ‘ताणले जाते’?

प्रश्न

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील टाउपो भागाविषयी बारावीच्या मुलांसाठी मराठीत लेख लिहिते आहे. एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. आशय असा : पॅसिफिक भूपट्ट ऑस्ट्रेलियन भूपट्टाखाली जातो, त्यातून ज्वालामुखींची रांग उभी राहते आणि त्या रांगेच्या मागे भूकवच रुंदावत पातळ होते.

या रुंदावण्याला बहुतेक ठिकाणी ‘विस्तार’ म्हटलेले दिसते. मला ते पटत नाही. शहराचा विस्तार, मंत्रिमंडळाचा विस्तार यांत नवी भर पडते. इथे आहे तेच लांबते. ‘प्रसरण’ म्हटले की मुलांना तापलेला धातू आठवणार. मग ‘ताण’ घ्यावा का? घरी ‘विरणे’ हाही शब्द सुचवला गेला, कारण विरलेले लुगडे पातळ होते. आणि रांगेमागच्या अशा खोलगट भागाला, म्हणजे ‘बॅक-आर्क बेसिन’ला, काय म्हणतात?

प्रतिसाद

ताई, ‘विरणे’ कानाला फार गोड आहे, पण इथे नको. लुगडे झिजून विरते, म्हणजे धागाच नाहीसा होतो. भूकवचाचे द्रव्य कुठे जात नाही. ते आडवे पसरते म्हणून उभ्या मापात कमी होते.

‘ताण’ हे बल आहे, परिणाम नव्हे. विद्यार्थ्याला दोन्ही वेगळे दिसायला हवेत. मी सरळ क्रियापद वापरीन : ‘ताणामुळे भूकवच लांबते आणि पातळ होते.’ प्रत्येक संकल्पनेला नाम शोधत बसलो की मराठी जड होते.

मात्र ‘विस्तार’ सरसकट बाद करू नका. तुमच्याच विषयात एक जागा अशी आहे जिथे तोच शब्द बरोबर बसतो. टाउपोपासून ईशान्येकडे नकाशावर बोट फिरवत जा. टाउपो भागात जमीन दरवर्षी काही मिलिमीटर रुंदावते. दक्षिणेकडे कमी आणि उत्तरेला बे ऑफ प्लेंटीच्या किनाऱ्याकडे जास्त, साधारण १५ मिलिमीटरपर्यंत. इथले मूळ खंडीय भूकवच भूकंपलहरींच्या अभ्यासानुसार १५-१६ किलोमीटरच उरले आहे आणि त्याखाली घुसून थिजलेल्या बेसाल्टी द्रव्याचा भरणा आहे. इथे ‘ताणले जाणे’ म्हणावे. पुढे समुद्रात कर्माडेक बेटांच्या पश्चिमेला हॅवर खळगा लागतो. तिथे ताणाने भूकवच फाटायला आले आहे. त्याच्याही उत्तरेला, टोंगा बेटांच्या पश्चिमेला, लाउ द्रोणी (खोलगट समुद्रतळ) येते. तिथे तळ फाटून खालून लाव्हा वर येतो आणि नवा सागरतळ तयार होतो. उत्तर भागात हा वेग वर्षाला सुमारे १६० मिलिमीटर आहे, पृथ्वीवरच्या सर्वांत जास्त वेगांपैकी एक. तिथे खरोखर भर पडते, म्हणून ‘सागरतळाचा विस्तार’ हा शब्द चपखल आहे.

म्हणजे एकाच रेषेवर तीन अवस्था आहेत : ताणणे, फाटणे, विस्तारणे. तिन्हींना एकच शब्द वापरला तर विषयाचा गाभाच हरवतो. टोंगा-कर्माडेकच्या मागचे समुद्रतळ असे ताणातून उघडले आहेत, हे डॅनियल कॅरिग यांनी १९७० मध्ये मांडले.

प्रतिसाद

वरच्या सरांशी सहमत. मला ‘मागे’ या शब्दाबद्दल बोलायचे आहे, कारण या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ तोच घालतो.

कोकणातल्या माणसाला घाटामागे देश असतो आणि देशावरच्याला घाटाखाली कोकण. भूशास्त्रात तसे नाही. तिथे सागरी गर्ता, म्हणजे भूपट्ट जिथे खाली शिरतो तिथला खोल चर, हे तोंड आणि गर्तेपासून ज्वालामुखींच्या पलीकडची बाजू ही पाठ, वाचक कुठेही उभा असो. टाउपोसाठी गर्ता पूर्वेला आहे, म्हणून पाठ पश्चिमेला येते. ज्वालामुखींच्या कमानीसारख्या रांगेला चाप म्हणतात, म्हणूनच ‘चापपृष्ठ द्रोणी’ हा शब्द मला बरा वाटतो. ‘खोरे’ नको, कारण ते नदीला चिकटलेले आहे. मुलांसाठी ‘चापामागची द्रोणी’ चालेल, फक्त आधी एका वाक्यात तोंड आणि पाठ सांगून टाका.

आता खरी अडचण. भूपट्ट एकमेकांकडे येत असताना मागे ताण का पडतो? खाली जाणारा पट्ट जुना, थंड आणि जड असेल तर तो नुसता तिरका सरकत नाही, खालीही बसत जातो. मग तो जिथे वाकून आत शिरतो ती जागा समुद्राच्या दिशेने सरकते. वरचा पट्ट गर्तेला धरून राहतो, म्हणून त्याची कड त्या दिशेने ओढली जाते आणि पाठीमागचा भाग ताणला जातो. मराठीत या हालचालीला ‘पट्टाची माघार’ म्हणतात, तेही बरोबर आहे, कारण पट्ट ज्या बाजूने आला त्याच बाजूला त्याचा वाकण्याचा बिंदू जातो. पण मग एकाच परिच्छेदात ‘मागे’ पश्चिमेला आणि ‘माघार’ पूर्वेला! विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. म्हणून ‘गर्ता समुद्राकडे सरकते’ असे लिहा. त्यात दिशा उघड आहे, शंका राहत नाही.

आणि ‘ज्वालामुखी रांगेमागे भूकवच पातळ होते’ हा नियम म्हणून देऊ नका. अँडीज बघा. ज्वालामुखी आहेत, गर्ता आहे, पण मागच्या अल्टिप्लानो पठाराखाली भूकवच दाबले जाऊन ७० किलोमीटरपर्यंत जाड झाले आहे. सेया उयेदा आणि हिरू कानामोरी यांनी १९७९ मध्ये चिली आणि पश्चिम पॅसिफिकमधली मारियाना बेटे ही दोन टोके म्हणून मांडली : एकीकडे दाब, दुसरीकडे ताण.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘मागे’ आणि ‘माघार’ हे माझ्या लक्षात आले नसते. टाउपोबद्दल मात्र अजून एक विचारते. तिथे ज्वालामुखी तर खचदरीच्या, म्हणजे ताणाने खचलेल्या लांब पट्ट्याच्या, आतच दिसतात, मग ‘मागे’ म्हणावे का?

प्रतिसाद

अगदी बरोबर पकडलेत, ताई. टाउपोत ताण चापाच्या अंगातच आहे. रुआपेहूपासून समुद्रातल्या व्हाकारीपर्यंत ज्वालामुखी त्याच पट्ट्यात आहेत. ‘चापातली खचदरी’ म्हणा. ‘मागे’ हा शब्द हॅवर खळगा आणि लाउसाठी राखून ठेवा.

ताण म्हणजे काय हे मुलांना दाखवायचे तर दोन घटना नक्की घ्या. १० जून १८८६ ला टारावेरा पर्वत फुटला तेव्हा एका तोंडातून नव्हे, तर १७ किलोमीटर लांबीची चीर पडून उद्रेक झाला. ती चीर खचदरीच्या दिशेनेच, नैर्ऋत्य-ईशान्य गेली होती, कारण जमीन त्या रेषेच्या आडवी ताणली जात आहे. गुलाबी आणि पांढऱ्या सोपानांचे ते प्रसिद्ध झरे त्यातच गेले. दुसरी घटना २ मार्च १९८७ ची, एजकम गावाजवळचा ६.५ तीव्रतेचा भूकंप. सुमारे ७ किलोमीटर जमीन फाटली, विभंगाच्या (खडक ज्या भेगेवर सरकतात तिच्या) एका बाजूचे मैदान काही ठिकाणी दोन मीटरच्या आसपास खाली बसले, आणि रुळांवर उभे असलेले ८० टनांचे रेल्वे इंजिन आडवे झाले. गाईगुरांच्या कुरणात अचानक माणसाच्या उंचीची पायरी उभी राहिली. ताणात जमीन रुंदावते आणि खचते, दोन्ही एकदम, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? ‘खचदरी’ हा आपला शब्द म्हणूनच मला इतका आवडतो. ‘खचणे’ त्यात मुळातच आहे.

प्रतिसाद

सह्याद्रीही लाव्हाचाच. मग घाटाच्या पूर्वेला हे घडले का?

प्रतिसाद

नाही. सह्याद्री ही गर्तेच्या कडेने उभी राहिलेली ज्वालामुखींची रांग नाही. दख्खनचा लाव्हा भेगांतून पसरला आणि पश्चिमेची कड नंतर झिजून कड्यासारखी उरली. त्याला चाप म्हणता येणार नाही.

आपल्याकडचे खरे उदाहरण अंदमान समुद्राचे आहे. तिथेही ‘मागे’ नीट समजून घ्या. अंदमानची मुख्य बेटे ज्वालामुखी नाहीत, ती गर्तेच्या बाजूला खरवडून साचलेल्या थरांची आहेत. ज्वालामुखींची रांग त्यांच्या पूर्वेला : नारकोंडम आणि १९९१ मध्ये पुन्हा जागे झालेले बॅरन बेट. त्याच्याही पूर्वेला तळ उघडतो आहे. गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चुंबकीय आणि तळाच्या मोजणीवरून दाखवले, की हा विस्तार सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि त्याचा वेग वर्षाला ३८ मिलिमीटरपर्यंत आहे. भारतीय पट्ट तिथे समोरून न येता जवळजवळ कडेने घासत जातो, त्यामुळे ही ओढही तिरपी आहे. जानेवारी २००५ मध्ये निकोबारच्या पूर्वेला काही दिवस भूकंपांची जी मोठी मालिका झाली, ती याच भागातली.

मूळ प्रश्नकर्ती

वाक्य असे केले आहे : ‘उत्तर बेटाच्या पूर्वेची हिकुरांगी गर्ता समुद्राकडे सरकत असल्याने ज्वालामुखींच्या पट्ट्यातले भूकवच ताणले जाते, पातळ होते आणि मधला भाग खचतो. उत्तरेला लाउ द्रोणीत ते पूर्ण फाटून सागरतळाचा विस्तार सुरू झाला आहे.’ शीर्षकात ‘ताण’, आत क्रियापदे.

प्रतिसाद

छान उतरले आहे. एकच भर : ‘खचतो’ हा वर्तमानकाळ टाउपोसाठी ठेवा, जपानच्या समुद्राचा उल्लेख आलाच तर तिथे भूतकाळ लागेल. तो समुद्र साधारण दोन ते दीड कोटी वर्षांपूर्वी असाच ताणातून उघडला आणि जपान आशिया खंडापासून सुटला. आता त्या कडेला दाब आहे, आणि ताणाच्या काळात खचलेले कित्येक जुने विभंग उलट दिशेने सरकतात. १ जानेवारी २०२४ च्या जपानमधल्या नोतो द्वीपकल्पाच्या भूकंपात किनारा काही ठिकाणी ४ मीटरपर्यंत वर उचलला गेला. तिथली काही बंदरे कोरडी पडली.