स्तंभाचा व्यास बाष्प ठरवते

रोज किती कच्चे तेल शुद्ध करायचे यावरून ऊर्ध्वपातन स्तंभाचा, म्हणजे तापवलेल्या तेलाचे घटक वेगळे करणाऱ्या मनोऱ्याचा, व्यास ठरतो, असे म्हटले जाते. ते अपुरे आहे. व्यास मुख्यतः वर चढणाऱ्या बाष्पाच्या आकारमानावर ठरतो. बाष्पाचा वेग फार वाढला, तर ते द्रवाचे थेंब वरच्या ट्रेवर (स्तंभातल्या आडव्या छिद्रित थाळीवर) ओढून नेते, उतरणारा द्रव तुंबतो आणि पृथक्करण बिघडते. साउडर्स आणि ब्राउन या रसायन अभियंत्यांनी १९३४ मध्ये ही वेगमर्यादा द्रव व बाष्प यांच्या घनतांशी जोडली; आजही साधारणपणे तिच्या ८० ते ८५ टक्के वेग धरूनच व्यास काढतात.

वडोदऱ्यात राहून कोयलीच्या रिफायनरीचे मनोरे पाहणाऱ्या आपण उंचीइतकेच जाडीकडेही लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. निर्वात स्तंभात पहिल्या, म्हणजे हवेच्या साधारण दाबाजवळ चालणाऱ्या वातावरणीय स्तंभाच्या तळाचा अवशेषच येतो, तरीही अत्यल्प दाबामुळे त्याचे बाष्प इतके फुगते की मधला भाग अतिशय रुंद करावा लागतो. तळाशी बाष्प कमी असल्याने तोच स्तंभ अरुंद होतो. वातावरणीय स्तंभात मधूनच गरम द्रव काढून, थंड करून परत सोडतात, त्याने काही बाष्प तिथेच द्रवरूप होऊन वरच्या भागावरचा भार हलका होतो. हा अभिसरणाचा हिशेब सोडून काढलेला व्यास विश्वासार्ह नसतो.